मरीन ड्राइव्हची भाडेपावती

मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना 2018 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. बॅकबेच्या भरावावर त्या 1930-40च्या दशकांत उभ्या राहिल्या, आणि बऱ्याचशा बांधल्या गेल्या त्या भाड्याने द्यायलाच. ‘ओनरशिप’चा फ्लॅट तेव्हा मुंबईत रुळायचा होता. मोटार बाळगणारी माणसंही भाडेकरूच असत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

युद्धकाळात सरकारने भाड्यांना लगाम घातला. पुढे 1947च्या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं हेच प्रमाण भाडं ठरवलं. कायदा तात्पुरता होता, पण मुदतवाढीवर मुदतवाढ घेत त्याने अर्धशतक काढलं. गिरणगावातल्या कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्पर त्यामुळे टिकलं, हे मान्यच करायला हवं. पण दहा बाय दहाची खोली आणि समुद्रासमोरचा चार खोल्यांचा फ्लॅट यांत या कायद्याने भेद केला नाही. खरी चांदी झाली ती फ्लॅटवाल्याची.

अशा एका फ्लॅटची जुनी भाडेपावती मी पाहिली आहे. पातळ पिवळट कागद, कोपऱ्यात रेव्हेन्यू स्टॅम्प, भाड्याचा आकडा तीन अंकी. त्या पैशांत मालकाला जिन्यातले दिवे बदलणंही जड जाणार. खाऱ्या वाऱ्याने सळया गंजल्या, सज्जांचं प्लॅस्टर सुटू लागलं. दुरुस्ती कोणी करायची, यावर मालक आणि भाडेकरू वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. दरम्यान पागडीचा बाजार तेजीत होता. भाडेकरू आपला हक्क विकायचा, मालक साधारण तिसरा हिस्सा घेऊन पावती नव्या नावावर करायचा. हे सगळं बेकायदा, आणि सगळ्यांना ठाऊक.

नव्याने जागा शोधणाऱ्याचे हाल मात्र 1973 पासून वाढले. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहत होते, त्यांना सरकारने संरक्षित भाडेकरू करून टाकलं. मालकांनी धसका घेतला. कुलूप लावून फ्लॅट रिकामा ठेवू, पण माणूस आत घेणार नाही, असा खाक्या सुरू झाला. द्यायचाच तर बँकेला, बड्या कंपनीला किंवा परदेशी वकिलातीला. मलबार हिल, कफ परेडला साध्या नोकरदाराने फोन केला, तर पहिला प्रश्न असे : ‘कंपनी लीज आहे का?’

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, असं सुनावलं. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून आला. त्याने पागडीला राजमान्यता दिली. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं. जुन्या भाडेकरूंना वर्षाला चार टक्के वाढ लागू झाली. तीनशे रुपये भाड्यावर पहिल्या वर्षी बारा रुपये! मालकांनी काय ते समजून घ्यावं.

लायसन्सवाल्याने मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर त्याला दुप्पट शुल्क भरावं लागण्याची तरतूद झाली आणि बंद फ्लॅटांची कुलपं हळूहळू उघडू लागली. आता एकाच इमारतीत एका मजल्यावर महिन्याला लाखांत भाडं भरणारा बँकर, तर खालच्या मजल्यावर वडिलांच्या नावाची पावती जपणारं कुटुंब राहतं. बँकरला डिपॉझिट, पोलीस पडताळणी आणि काही इमारतींत ‘नॉनव्हेज खाता का?’ हा प्रश्न, हे सगळं पार करावं लागतं. शेजाऱ्याला यातलं काहीच नाही.

करार करायला हल्ली एजंट लॅपटॉप आणि अंगठा घेण्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. तो ठरलेलं वाक्य बोलतो : ‘अकरा महिन्यांचा करू.’ या राज्यात लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, 2000 पासून नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे अकराच्या आकड्यात नोंदणी वाचवण्याची सोय उरलेली नाही. तरी तो आकडा हलत नाही, कारण दर नूतनीकरणाला एजंटाची फी पुन्हा सुरू होते.