थंडीचे अत्तर : हिना की अंबर?

मार्गशीर्षात शाली कपाटाबाहेर येतात, उन्हाळ्यातील वाळ्याची कुपी मागे सरते आणि ऊबदार, गोडसर सुगंध हवासा वाटतो. अशा वेळी अत्तरवाला बहुधा दोन कुप्या पुढे करतो : हिना आणि अंबर. आपल्यासाठी वा घरातील वडीलधाऱ्यांसाठी यांतील कोणती निवडावी?

हिना म्हणजे केवळ मेंदीचे फूल नव्हे. त्या फुलाचे अत्तर ते गुलहिना. कनोजला तांब्याच्या डेगेत दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, जायफळ असे जिन्नस शिजवून त्यांची वाफ चंदनतेलात जिरवतात, तेव्हा हिना सिद्ध होते. तिचा गंध प्रथम मसालेदार, मातकट; गोडवा मागाहून उमलतो. मूळ अंबर देवमाशाच्या आतड्यात निर्माण होते आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये भारतात त्याचा व्यापार निषिद्ध आहे. बाजारातील अंबर हे लोबानासारख्या राळा व व्हॅनिला यांतून साधलेले असते. ते आरंभापासूनच गोड आणि दाट. ज्यांना गोड वासाने मळमळते त्यांनी हिनेकडे वळावे. ज्यांना मसाल्याचा उग्रपणा सोसत नाही त्यांनी अंबराकडे.

मात्र निर्णय दुकानात करू नये. एका मनगटावर हिना, दुसऱ्यावर अंबर असा एकेक थेंब लावावा, चोळू नये आणि तासाभराने पुन्हा हुंगावे. त्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस किंचित लावून दोन दिवस पाहावे. खाज वा लाली आल्यास ते अत्तर वर्ज्य समजावे. दमा असलेल्यांनी दोन्ही दूर ठेवणेच हिताचे. हिवाळ्यात वृद्धांची त्वचा कोरडी पडते व त्यावर सुगंध टिकत नाही. म्हणून आधी थोडे खोबरेल लावावे, अथवा शालीच्या आतील पदराला स्पर्श करावा. अत्तर कितीही ‘उष्ण’ म्हणविले गेले तरी शरीराचे तापमान ते वाढवीत नाही, स्वेटर हवाच.

वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. म्हणून आजोबांना अत्तर उडाल्यासारखे वाटते आणि इतरांचा जीव मात्र गुदमरतो. अशा वेळी त्यांना हसू नये. एकच थेंब पुरे, हे हळुवारपणे सांगावे. वास अकस्मात येईनासा झाला तर वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण ज्याला वास येत नाही त्याला गॅसची गळतीही कळत नाही.

अखेरची निवड मात्र ज्यांच्या अंगावर तो सुगंध राहायचा त्यांचीच असू द्यावी. स्मृती विरळ झालेल्या आईपुढे दोन्ही कुप्या धराव्यात आणि थांबावे. नाव तिला आठवणार नाही कदाचित. पण एखाद्या वासाशी तिचा चेहरा उजळेल. तेच तिचे उत्तर.