बोलणारा वेगळा, करणारा वेगळा

२०२१च्या मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटातली मंडळी करोनाच्या लशीसाठी टेलिग्रामवर डोळे लावून बसली होती. आपल्या जिल्ह्याचा गट शोधायचा, तिथला बॉट 'अमुक केंद्रावर वीस जागा' असा निरोप कधी टाकतो याची वाट बघायची आणि निरोप आला की कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर धावायचं. तिथे जागा शून्य. मग गटात एकच ओरड: बॉट खोटं बोलतो.

बॉट बिचारा प्रामाणिक होता. कोविनने बाहेरच्या प्रोग्रामांसाठी एक एपीआय खुला ठेवला होता. एका प्रोग्रामने दुसऱ्याला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारायचा आणि ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं, अशी ही सोय. बॉट तिथे पुन्हा पुन्हा विचारत होता आणि मिळेल ते उत्तर गटात टाकत होता. पण ती माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकते, असं त्या महिन्यात सरकारनेच जाहीर केलं होतं. शिवाय एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरपेक्षा जास्त वेळा विचारायचं नाही, अशी मर्यादा होती. जागा काही मिनिटांत संपत होत्या, मग अर्धा तास जुनं उत्तर कुणाच्या काय कामाचं? आणि नोंदणीला मोबाइलवरचा ओटीपी लागत असल्यामुळे बॉटला सांगता येत होतं, जागा अडवता येत नव्हती.

उत्तर किती ताजं आणि अधिकार किती, हे दोन्ही कोविनने ठरवलं होतं. शिव्या मात्र बॉटने खाल्ल्या. चॅटबॉट किंवा व्हॉइस असिस्टंट बाहेरच्या सेवेला जोडला की बोलणारा एक असतो आणि करणारा दुसरा. या विषयातले बहुतेक गैरसमज त्या दोघांना एकच समजल्यामुळे होतात.

"चॅटबॉट स्वतः इंटरनेटवर जाऊन तिकीट काढतो"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. बाकीचे बरेचसे त्याचीच पिल्लं आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

ओपनएआयने मार्च २०२३मध्ये चॅटजीपीटीसाठी प्लगिन आणले. एक्सपीडिया, ओपनटेबल, वुल्फ्रम अशा सेवा गप्पांमधून वापरता येऊ लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये 'फंक्शन कॉलिंग' आलं आणि कुठल्याही प्रोग्रामरला आपली सेवा चॅटबॉटमागच्या भाषा मॉडेलला जोडणं सोपं झालं. आत काय घडतं? मॉडेलला आधीच एक यादी दिलेली असते: तुझ्या हाताशी या या सेवा आहेत, अमुक सेवेला अमुक माहिती लागते. तुम्ही लिहिता, "शुक्रवारी पुण्याहून नागपूरला जायचंय, गाड्या बघ." मॉडेल त्यावर थोडा मजकूर लिहितं: सेवा, गाड्या शोधणे, कुठून, पुणे, कुठे, नागपूर, तारीख, अमुक. एवढं लिहून ते थांबतं. त्याने ना कुठला सर्व्हर गाठला, ना कुणाला काही विचारलं.

तो मजकूर उचलतो मॉडेलभोवतीचा साधा, जुन्या पद्धतीचा प्रोग्राम. तो रेल्वेच्या किंवा एजंटच्या सर्व्हरला विचारतो, आलेलं उत्तर मॉडेलपुढे ठेवतो आणि मॉडेल त्यावरून तुम्हाला वाचता येईल असं वाक्य रचतं. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' म्हणजे एमसीपी जाहीर केला. त्याने या देवाणघेवाणीला एक सामाईक साचा दिला, इतकंच. साचा एक असला म्हणजे पलीकडची सेवा भरवशाची, असं त्यातून निघत नाही, पण जाहिराती वाचून तसं वाटतं खरं.

या रचनेत चुकायला जागा कुठे आहेत ते बघा. मॉडेल शुक्रवारची तारीख चुकीची काढू शकतं. सेवेचं उत्तर बरोबर असून मॉडेल ते चुकीचं सांगू शकतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, सेवेकडे मागणी गेलेलीच नसताना मॉडेल "झालं, तिकीट काढलं" असं गोड वाक्य लिहू शकतं. वाक्य लिहिणं हेच त्याचं काम आहे. म्हणून पुरावा संवादात शोधू नये, करणाऱ्याकडे शोधावा. दहा आकडी पीएनआर रेल्वेच्या यंत्रणेतून येतो. तो रेल्वेच्या संकेतस्थळावर तपासून सापडला तर तिकीट आहे. पैसे गेले की नाही हे बँकेचा संदेश सांगेल.

"कंपनीचाच बॉट आहे, म्हणजे तो सांगतो ते कंपनीचं म्हणणं"

हे मात्र खरं धरायला हरकत नाही, निदान कॅनडात. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने २०२२मध्ये एका प्रवाशाला सांगितलं, की जवळच्या नातेवाइकाच्या निधनानंतर मिळणारी भाड्यातली सवलत प्रवासानंतरही ९० दिवसांच्या आत मागता येते. कंपनीचा खरा नियम नेमका उलटा होता आणि तो त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी लवादापुढे गेलं. बॉटच्या बोलण्याला बॉट जबाबदार, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. लवादाने फेब्रुवारी २०२४मध्ये तो फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले.

रक्कम किरकोळ, बचाव मात्र ऐतिहासिक म्हणावा असा. आपल्या दुकानातल्या माणसाला परका ठरवण्याचा हा प्रयत्न इतर कंपन्याही करतील, असं मला वाटतं.

"तो डबा घरातलं सगळं ऐकून सगळ्या कंपन्यांना पाठवतो"

अ‍ॅमेझॉनचा इको हा बोलका स्पीकर अमेरिकेत २०१४च्या अखेरीस आला, भारतात २०१७मध्ये. त्यातल्या सहायकाला हाक मारायचा 'अलेक्सा' हा शब्द ओळखण्याचं काम त्या डब्यातच होतं. शब्द ओळखला की पुढचं बोलणं अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरकडे जातं. चुकून भलताच शब्द 'अलेक्सा' वाटला तर तेव्हाही जातं. तिथे आवाजाचा मजकूर होतो आणि मजकुरातून हेतू व तपशील वेगळे काढले जातात. तुम्ही एखाद्या तिसऱ्या कंपनीचं 'स्किल' वापरत असाल, तर त्या कंपनीच्या सर्व्हरला आवाज मिळत नाही. 'हेतू: टॅक्सी मागवणे, ठिकाण: दादर' असा सुटा मजकूर मिळतो. वापरकर्त्याची ओळख म्हणून एक लांबलचक क्रमांक मिळतो, तोही प्रत्येक स्किलसाठी निराळा. त्या सर्व्हरने साधारण आठ सेकंदांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर अलेक्सा क्षमा मागून मोकळी होते आणि लोक म्हणतात, अलेक्सा बिघडली.

म्हणजे काळजीचं कारणच नाही का? आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. काही ध्वनिफिती तपासण्यासाठी माणसंही ऐकतात, हे २०१९मध्ये बाहेर आलं. मुलांच्या आवाजाच्या नोंदी नको इतका काळ ठेवल्याबद्दल मे २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर अडीच कोटी डॉलरच्या दंडाची कारवाई केली. हे दोन्ही प्रकार खुद्द सहायकाच्या मालकाकडचे होते, त्याला जोडलेल्या स्किलवाल्यांचे नव्हते.

जानेवारी २०१७मधला किस्साही बोलका आहे. डॅलसमधल्या सहा वर्षांच्या मुलीने इकोशी बोलता बोलता बाहुलीघर आणि बिस्किटं मागवली. सॅन दिएगोच्या एका वाहिनीवर निवेदकाने बातमी सांगताना 'अलेक्सा' नावासकट मागणीचं वाक्य उच्चारलं, तर प्रेक्षकांच्या घरातले इकोही बाहुलीघर मागवायला निघाले. डब्याने ऐकलं हा त्याचा धर्मच. प्रश्न होता तो ऐकल्याबरोबर खरेदीची मुभा असण्याचा. खरेदीआधी चार आकडी क्रमांक विचारण्याची सोय अलेक्सात आहे. ती चालू असली तर निवेदकाचं काही चालत नाही.

"'अलाउ' दाबलं, म्हणजे पासवर्ड दिला"

एके काळी खरोखरच तसं होतं. नवं संकेतस्थळ तुमच्या मेलचा पासवर्ड मागायचं आणि आत शिरून ओळखीच्यांचे पत्ते उचलायचं. त्यावर उपाय म्हणून २००७मध्ये ओऑथ ही पद्धत आली. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२मध्ये प्रमाणित झाली आणि आज अलेक्सापासून चॅटजीपीटीपर्यंत बहुतेक जोडण्या तिच्यावरच चालतात. यात सहायक तुम्हाला मूळ सेवेच्या पानावर नेतो, पासवर्ड तुम्ही तिथेच टाकता आणि सहायकाला मिळतं ते टोकन.

टोकन म्हणजे मुखत्यारपत्र. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र आणि एका कामापुरतं मुखत्यारपत्र यांतला फरक सांगावा लागत नाही. इथेही तोच बघायचा. 'तुमची दिनदर्शिका पाहणे' हा एक अधिकार. 'पाहणे, बदलणे, इतरांना देणे आणि कायमची काढून टाकणे' हा दुसरा. दोन्ही पडद्यांवरचं बटण एकसारखंच दिसतं. आणि दिलेलं मुखत्यारपत्र जसं रीतसर रद्द करावं लागतं, तसंच टोकनही. फोनवरून अ‍ॅप पुसल्याने टोकन रद्द होत नाही. मूळ सेवेच्या खात्यात जाऊन ते काढावं लागतं.

पासवर्ड किंवा ओटीपी थेट गप्पांच्या खिडकीत मागणारी जोडणी यापेक्षा कमकुवत. दुर्दैवाने आपल्याकडे तिची सवय सरकारी बॉटनेच लावली. मुंबईच्या हॅप्टिक कंपनीने बांधलेला 'मायगव्ह करोना हेल्पडेस्क' मार्च २०२०मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि ऑगस्ट २०२१पासून त्यावर लसीकरणाचं प्रमाणपत्र मिळू लागलं. संदेश पाठवा, आलेला ओटीपी त्याच संवादात टाका, पीडीएफ हजर. लोकांची मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण 'बॉटने ओटीपी मागितला की द्यायचा' हा धडाही घरोघरी गेला.

आणि काही परवानग्या आपल्याला दिसतही नाहीत. जून २०२३मध्ये एका टेलिग्राम बॉटला मोबाइल क्रमांक दिला की कोविनमधली माहिती बाहेर येते, अशा बातम्या आल्या. ओटीपीशिवाय माहिती देणारा कोणताही सार्वजनिक एपीआय नाही, असं आरोग्य मंत्रालयाने सांगितलं. मात्र काही एपीआय आयसीएमआरसारख्या संस्थांना दिलेले आहेत आणि त्यांतला एक नुसत्या मोबाइल क्रमांकावरून माहिती देतो असं कळतं, पण तो ठरावीक मान्यताप्राप्त ठिकाणांहूनच मागणी स्वीकारतो, असंही त्याच निवेदनात होतं. बॉट कोविनला थेट भिडला नव्हता, आधी चोरलेल्या माहितीवर चालत होता, हे सरकारचं म्हणणं. ते मान्य केलं तरी दोन यंत्रणांनी परस्पर ठरवलेल्या या वाटांवर नागरिकाची सही कुठेच नसते.

"धोका म्हणजे हॅकर, आणि हॅकर म्हणजे पासवर्ड फोडणारा"

भाषा मॉडेलवर हल्ला करायला काहीच फोडावं लागत नाही, लिहावं लागतं. मॉडेलला तुमची आज्ञा आणि सेवेकडून आलेला मजकूर एकाच ओघात दिसतात. त्या मजकुरातच कुणी आज्ञा लपवली, तर मॉडेल ती तुमचीच समजू शकतं. सायमन विलिसन या प्रोग्रामरने सप्टेंबर २०२२मध्ये याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं.

ऑगस्ट २०२५मध्ये इस्रायली संशोधकांनी याचं प्रात्यक्षिक दाखवलं. गूगल कॅलेंडरच्या साध्या आमंत्रणात त्यांनी सूचना दडवली. घरमालकाने गूगलचा सहायक जेमिनी याला आठवड्याचे कार्यक्रम विचारले, जेमिनीने आमंत्रण वाचलं आणि तेल अवीवमधल्या त्या घरातले दिवे, खिडक्यांचे पडदे, बॉयलर परक्याच्या मर्जीने हलू लागले. पासवर्ड शाबूत, टोकन वैध. संशोधकांनी आधीच कळवल्यामुळे गूगलने बंदोबस्त केला, पण दुखणं मुळातून गेलेलं नाही. खाजगी माहिती, अनोळखी लोकांचा मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकाच सहायकाच्या हाती पडल्या की घात ठरलेला, असं विलिसन सांगतो. मेल वाचणाऱ्या आणि पाठवणाऱ्या सहायकात त्या तिन्ही सहज जमतात.

"मराठी कळतं, म्हणजे मराठीत कामही होतं"

गूगल असिस्टंट २०१८मध्ये मराठी बोलू लागला. पण पलीकडच्या सेवेला मराठी नको असते, तिला रकाने भरून हवे असतात: तारीख, वेळ, रक्कम. "परवाची पावणेदोनची गाडी" हे सेवेपर्यंत पोचायचं तर वर्ष-महिना-दिवस आणि १३:४५ असं व्हावं लागतं. 'परवा' मागचा की पुढचा हे आपल्याला क्रियापदावरून कळतं, आणि आवाजी आज्ञेत क्रियापद बहुधा गाळलेलं असतं. ऐकण्याची पायरी कितीही सुधारली तरी ही मधली पायरी कुणीतरी मराठीसाठी मुद्दाम बांधावी लागते. जिथे ती बांधलेली नाही, तिथे दिवस आणि महिना नाव घेऊन सांगावा.

"एकदा जोडलं की कायमचं"

गूगलने असिस्टंटवरच्या बाहेरच्या कंपन्यांच्या संवादी सेवा १३ जून २०२३ला एकदम बंद केल्या. चॅटजीपीटीचे प्लगिन एप्रिल २०२४मध्ये संपले, जेमतेम वर्षभर टिकले. त्या सेवांचे सर्व्हर ठीकठाक चालू होते, फक्त बोलणाऱ्याने त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्या काळात दिलेल्या परवानग्यांतल्या काही अजूनही तुमच्या गूगल खात्यात पडून असतील. सुरक्षेच्या भागात तिसऱ्या पक्षांच्या जोडण्यांची यादी असते. कुणाला काय पाहण्याची आणि काय बदलण्याची मुभा दिली आहे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ती काढून घेण्याचं बटणही तिथेच आहे.