झोप चाळवते, भूकही चाळवते!

दोस्तांनो, सकाळी तुम्हाला उठवायला घरातल्यांचे किती शब्द खर्ची पडतात हो? रत्नागिरीकडे एखादी आजी आधी लाडाने म्हणते, "ऊठ गो बाय, उजाडलं बघ!" मग आई हलवते, दादा डिवचतो, बाबा पांघरूण ओढतात. आणि "शाळेची गाडी आली!" असं कानावर पडलं, की आपण खडबडून जागे!

आता या शब्दांकडे जरा नीट बघा. झोप चाळवते, तशी फणस पिकल्याच्या वासाने भूकही चाळवते. आपण जागे होतो, तशा जुन्या आठवणीही जाग्या होतात. कुणी झोपेतून उठवतं, तर कुणी अन्यायाविरुद्ध रान उठवतं. झोप मोडणं आणि मनात खळबळ उडणं, दोन्हींसाठी आपण तेच शब्द वापरतो!

आणि गंमत म्हणजे मेंदूतही या दोन गोष्टींचं जवळचं नातं आहे. ते कळण्यासाठी आधी झोपेत काय घडतं ते बघू.

झोपेत डोळे मिटतात, कान मात्र उघडेच राहतात. आवाज आत येतच असतात आणि मेंदू झोपेतही त्यांची निवड करत असतो. म्हणून कौलांवर धो धो पाऊस कोसळत असला तरी आपण गाढ झोपतो, पण कुणी नावाने हाक मारली की चटकन कूस बदलतो. अमेरिकेत ६ ते १२ वर्षांच्या २४ मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मुलं गाढ झोपेत असताना आग लागल्याची सूचना देणारा नेहमीचा भोंगा वाजवला, तेव्हा १४ मुलं उठली. पण त्यांच्या पालकांच्याच आवाजातली हाक ऐकवली, तेव्हा २४ पैकी २३ मुलं जागी झाली!

जाग येताना मेंदूचे अनेक भाग कामाला लागतात. त्यांतला एक म्हणजे मेंदूच्या देठातला इवलासा निळसर ठिपका. तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना असतो आणि त्याचं नाव आहे लोकस सेरुलियस. झोपेत त्याच्या पेशी मंदावतात. आपण जागे झालो की त्या भराभर संदेश धाडतात आणि नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं रसायन मेंदूभर पोचवतात. अचानक भीती वाटली, नवल वाटलं, अंगात उत्साह संचारला, तरी हाच ठिपका तरतरीत होतो. पहाटे तुम्हाला जागं करणारा आणि कबड्डीच्या सामन्यात चेव आणणारा ठिपका एकच!

झोपेतून उठवण्यासारखीच शब्दांनी मनंही जागवता येतात, आणि माणसांची मनं जागवण्यात रत्नागिरीची माणसं फार पुढे होती. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतलं त्यांचं जन्मस्थान आजही पाहता येतं. १८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी' या वृत्तपत्रातल्या त्यांच्या शब्दांना इंग्रज सरकार इतकं घाबरलं, की १९०८ साली राजद्रोहाचा खटला भरून त्यांना ६ वर्षांची शिक्षा दिली. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडचे कवी केशवसुत यांनी १८९३ साली 'तुतारी' ही कविता लिहिली. जुन्या, वाईट रूढींमध्ये पेंगणाऱ्या समाजाला त्यांना जागं करायचं होतं. मालगुंडला गेलात तर त्यांचं स्मारक जरूर बघा.

आता तुमच्यासाठी एक काम. जागं करण्याचे आणि मन पेटवण्याचे शब्द आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून काढा. आणि उद्या धाकट्या भावंडाला उठवायचं असेल, तर गदागदा हलवू नका. जवळ जाऊन प्रेमाने त्याचं नाव घ्या. त्याचा मेंदू ती हाक नक्की ओळखेल!