समुद्रातील गाळणी

पाटी पुसायला आपण स्पंजचा तुकडा वापरतो. तो बहुधा कारखान्यात तयार झालेला असतो. खरा स्पंज मात्र समुद्रात राहतो आणि तो प्राणी आहे! त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत. तो एका जागी चिकटून बसतो. म्हणून पूर्वी अनेक जण त्याला वनस्पती समजत. १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकातून पाहिला. त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडत होती.

स्पंजच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत येते, नळ्यांतून फिरते आणि मोठ्या छिद्रातून बाहेर जाते. काही स्पंज दिवसभरात स्वतःच्या आकाराच्या हजारो पट पाणी गाळतात.

उष्ण समुद्रात प्रवाळ नावाचे लहान प्राणी चुन्याची घरे बांधतात. त्यांचेच पुढे मोठे खडक होतात. तेथील पाणी निळे आणि नितळ असते. नितळ पाण्यात अन्न फार थोडे असते. मग या खडकांत इतके मासे, खेकडे, गोगलगाई कशा जगतात?

प्रवाळ आणि शेवाळ साखरेसारखे पदार्थ पाण्यात सोडतात. पण चहात विरघळलेली साखर चमच्याने परत काढता येईल का? तशीच बहुतेक प्राण्यांची अडचण होते. स्पंजला मात्र हे विरघळलेले अन्न घेता येते. कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ बेटाजवळ नेदरलँडच्या शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना एक गंमत दिसली. स्पंज इतके खातो, तरी फारसा वाढत नाही! त्याच्या शरीरात नव्या पेशी भराभर तयार होतात आणि जुन्या गळून पडतात. हा चुरा गोगलगाई व किडे खातात, आणि त्यांना मासे खातात. पाण्यात हरवलेले अन्न असे पुन्हा ताटात येते.

स्पंज पाणी आणखीही बदलतो. त्याच्या अंगातील जीवाणू अमोनियापासून नायट्रेट बनवतात. ते शेवाळाला खतासारखे उपयोगी पडते.

मात्र सगळेच स्पंज प्रवाळाचे मित्र नसतात. काही जातींचे स्पंज आम्लाने चुना विरघळवून खडक पोखरतात. पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वाढला की हे पोखरणे जोरात चालते, असे ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील स्पंजांच्या प्रयोगांत आढळले आहे.