वायरलेस माईक बंद पडला? स्क्रू काढण्याआधी रिसीव्हरचे दोन दिवे बघा

गणपती जवळ आले की कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेत एक वाक्य ऐकू येतं, "दादा, माईक गेला की ओ!" पण "गेला" म्हणजे नेमकं काय? आवाजच येत नाही, मधेच तुटतो, खरखरतो, की दुसऱ्याच कुणाचा आवाज येतो? या चार तक्रारींची कारणं चार वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि त्यातली काही तर माईकच्या आतही नसतात.

मी मंडळांचे आणि छोट्या साऊंडवाल्यांचे हातात धरायचे वायरलेस माईक दुरुस्त करतो. कुणीतरी आधीच उघडून, वायर ओढून, पार खिळखिळा करून आणलेला माईक बघितला की वाईट वाटतं. चांगल्या सेटची किंमत म्हणजे छोट्या साऊंडवाल्याची बऱ्याच दिवसांची कमाई. म्हणून आज बघूया की हा माईक चालतो कसा, त्यातलं घरी काय दुरुस्त होतं आणि कशाला हात लावायचा नाही.

तुमच्या फोनपेक्षा हा माईक कसा वेगळा?

हातातला माईक हा खरं तर एक छोटा ट्रान्समीटर. वरच्या जाळीखाली कॅप्सूल असते, ती आवाजाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करते. पुढचं सर्किट तो सिग्नल थोडा मोठा करतो आणि दाबून घट्ट करतो, म्हणजे हळू आवाज आणि ओरडणं यातलं अंतर कमी करतो. मग तो एफएम पद्धतीने रेडिओ लहरीवर बसवून शेपटीकडच्या अँटेनातून बाहेर सोडतो. रिसीव्हर ती लहर पकडतो आणि दाबलेला आवाज पुन्हा उलगडतो. स्वस्तातल्या माईकमध्ये बोलणं थांबल्यावर "हुस्स" करून श्वास घेतल्यासारखा आवाज येतो ना, तो या दाबण्या-उलगडण्याचा परिणाम. तो बिघाड नाही.

फोन आणि टॉवर सतत एकमेकांशी बोलत असतात. सिग्नल कमजोर झाला की टॉवर फोनला सांगतो, जोर वाढव, किंवा दुसऱ्या चॅनलवर जा. साध्या एफएम माईकला असं काहीच कळत नाही. तो फक्त बोलतो, समोर कुणी ऐकतंय का हे त्याला माहीतच नसतं. ताकदही कमी. फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅटने सिग्नल सोडतो, तर हे माईक बहुधा १० ते ३० मिलिवॅटवर चालतात. एवढ्याशा ताकदीत तो मिरवणुकीतल्या गर्दीतून आवाज पोहोचवतो हेच खरं तर लई भारी आहे.

आता ते दोन दिवे

बहुतेक रिसीव्हरवर दोन दिवे किंवा दोन पट्ट्या असतात, आरएफ आणि एएफ. आरएफ म्हणजे रेडिओ लहर येतेय, एएफ म्हणजे त्या लहरीवर आवाज येतोय. माझी निम्मी दुरुस्ती या दोन दिव्यांवरच होते.

माईक चालू करा. फोनमध्ये टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप घ्या, १००० हर्ट्झचा सूर लावा आणि फोनचा स्पीकर जाळीसमोर धरा. "हॅलो हॅलो चेक" म्हणत घसा कोरडा करण्यापेक्षा हे बरं, कारण सूर एकसारखा राहतो आणि कुठे तुटतो ते लगेच कळतं.

आरएफ लागला, एएफही हलतोय, तरी स्पीकर गप्प? मग माईक निर्दोष आहे. रिसीव्हरपासून मिक्सरपर्यंतची केबल बघा. मांडवात केबलवरून खुर्च्या ओढल्या जातात, तिथेच ती तुटते.

आरएफ लागला पण एएफ मेलेला असेल तर दोष आवाजाच्या बाजूला: म्यूटचं बटण, कॅप्सूल किंवा तिच्या दोन वायरी. इथे आणखी एक गंमत आहे. बऱ्याच कंपन्यांचे माईक आवाजासोबत एक न ऐकू येणारा सूर पाठवतात, काहींचा तो ३२ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तो ऐकू आला तरच रिसीव्हर तोंड उघडतो. त्यामुळे एका कंपनीचा माईक दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरवर त्याच फ्रिक्वेन्सीला लावला, तर आरएफ लागतो आणि आवाज मात्र येत नाही. साऊंडवाल्यांच्या पेटीत सेटची अशी अदलाबदल नेहमी होते आणि दोन्ही माईक विनाकारण "गेले" ठरतात.

आरएफच लागत नसेल तर आधी सेल, मग फ्रिक्वेन्सी जुळते का ते बघा. ज्या सेटला सिंकचं बटण असतं, त्यातले बरेच टीव्हीच्या रिमोटसारखे अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाने फ्रिक्वेन्सी कळवतात. ती खिडकी चालते का हे बघायला फोनचा सेल्फी कॅमेरा तिच्यासमोर धरून सिंक दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर ती जिवंत आहे. एवढं करूनही आरएफ अंधारात असेल, तर मात्र बिघाड खरंच माईकच्या आत.

आणि माईक बंद असताना आरएफ लागला तर? तर तिथे दुसरंच कुणीतरी बोलतंय. त्याच्याकडे शेवटी येतो.

सेलवर एवढं का बोलायचं?

कारण सर्वात जास्त माईक सेलनेच मारलेत. कार्यक्रम झाला की सेल तसेच आत ठेवून पेटी बंद, आणि पेटी थेट पुढच्या सणाला उघडते. तोवर सेल फुटून रस बाहेर आलेला असतो, त्यात आपल्याकडचा पावसाळा. अल्कलाइन सेलचा रस क्षारीय असतो, स्प्रिंगवर तो पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो. कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन हलकेच पुसा, थोडं फसफसेल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग काळी पडून पातळ झाली असेल तर ती बदलायचीच. घासून चकचकीत केलेली स्प्रिंग दाबच धरत नाही, मग माईक हलवला की बंद होतो आणि लोक दोष सर्किटला देतात.

चार्जिंगचे सेल वापरणाऱ्यांसाठी: निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो, अल्कलाइन १.५ चा. म्हणून पूर्ण चार्ज केलेले सेल घातले तरी माईकची पट्टी एक घर कमी दाखवते. घाबरू नका, चांगल्या सेलवर कार्यक्रम आरामात निघतो. हल्ली यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात, ते मात्र मी माईकमध्ये घालत नाही. त्यांच्या पोटात व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किट असतं आणि त्याची खरखर आवाजात उतरू शकते. शिवाय ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देत राहतात आणि मग एकदम बंद पडतात. पट्टी फुल्ल दाखवतेय आणि आरतीच्या मध्येच माईक गप्प!

उघडायचाच असेल तर

आधी सेल काढा. प्रत्येक पायरीला फोनने फोटो काढा, विशेषतः कॅप्सूलच्या दोन वायरींचा. उलट्या जोडल्या तरी माईक चालतो, पण दोन माईक जवळ धरले की आवाज पोकळ होतो आणि कारण सापडत नाही.

जाळी फिरवून निघते. आत फोम असतो, त्यात थुंकी, धूळ, गुलाल, सगळं साठलेलं. आवाज "दबका" येतोय अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा नाही म्हणणार, पण आधी हा फोमच बघा. साध्या साबणाच्या पाण्यात धुवा आणि रात्रभर वाळवा. ओला फोम कॅप्सूलवर चढवायचा नाही. जाळी चेपली असेल तर आतून लाकडी दांड्याने हळूहळू बाहेर काढता येते. जाळीचे आटे गेले असतील तर कोल्हापूरकरांचं नशीब चांगलं, शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही. फक्त नुसती जाळी घेऊन जा, अख्खा माईक नको. बहुतेक माईकची कॅप्सूल डायनॅमिक असते, म्हणजे तिच्यात चुंबक असतं आणि लेथच्या आसपास लोखंडाचा बारीक कीस उडत असतो. तो एकदा पडद्यावर चिकटला की निघत नाही.

डायनॅमिक कॅप्सूल तपासायची सोपी पद्धत आहे. तिच्या वायरी सुट्या करा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून टोकांना लावा. काहीशे ओहमचा आकडा दिसेल आणि कान जवळ नेला तर बारीकसा "टिक" ऐकू येईल. काहीच नाही म्हणजे आतली बारीक तार तुटली. कॅप्सूल बदलावी लागेल, आणि तेवढी मिळतेही.

बटण फिरवताना किंवा सरकवताना खरखर होत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर एक फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा हलवा. दाराच्या कडीला मारायचा तेलकट स्प्रे इथे नको, तो धूळ धरून ठेवतो.

माईक जमिनीवर पडल्यानंतर रेंज एकदम दहा-पंधरा पावलांवर आली, तर शेपटीकडच्या अँटेनाचं सोल्डर बघा. ६५० मेगाहर्ट्झला लहरीची पाव लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर भरते, त्यामुळे ही अँटेना छोटीशी तार किंवा स्प्रिंग असते आणि धक्क्याने तिचं टोक सुटतं. तेवढं सोल्डर घरी होतं. याच कारणाने माईक शेपटीला मुठीत धरू नये. आणि रॅपरसारखी जाळीही मुठीत धरू नये, तिथे हात झाकला की माईक मागचाही आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो.

पडल्यावर क्रिस्टलही फुटू शकतो, मग फ्रिक्वेन्सीच बनत नाही. इथे थांबा. आत पत्र्याच्या डबीखालचा भाग, किंवा जुन्या माईकमधले फिरणारे रंगीत स्क्रू, यांना हात लावू नका. ते मोजमापाच्या उपकरणाशिवाय जागेवर येत नाहीत. चुकीच्या जागी गेलेला माईक दुसऱ्याच्या सिग्नलवर जाऊन बसतो. हे काम सर्व्हिस सेंटरचं.

माईक ठणठणीत, हवा बिघडलेली

आता तो बंद माईकवर लागणारा आरएफचा दिवा. समजा खासबाग मैदानात कुस्त्या आहेत. निवेदकाला आखाड्याच्या कडेने फिरायचं असतं, पैलवानांच्या पायात केबल नको, म्हणून वायरलेस. दुपारी रिकाम्या मैदानात माईक टोकापर्यंत चालतो. संध्याकाळी तोच माईक तुटायला लागतो. शाहू महाराजांच्या काळातलं हे मैदान गोल, चहूबाजूंनी प्रेक्षक. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, ते या लहरी शोषून घेतं. आणि प्रत्येक खिशात एक फोन.

जुने माईक सेट बरेचदा ७०० ते ८०० मेगाहर्ट्झमध्ये चालतात, कारण एकेकाळी तिथे शांतता होती. आता नाही. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्यांदाच विकला गेला, आणि तो देशभर ५जी साठी वापरात आला. या पट्ट्यात फोन ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात आणि टॉवर ७५८ ते ८०३ मध्ये. टॉवरच्या जोरापुढे आपल्या ३० मिलिवॅटचं काय चालणार? अमेरिकेत तर ७०० मेगाहर्ट्झच्या माईकवर १२ जून २०१० पासून बंदीच आहे. म्हणून परदेशातला जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका. मागचं लेबल वाचा. ७०३ च्या वरचा आकडा दिसला तर सोडून द्या. २०२२ च्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला बोली आली नव्हती. २.४ गिगाहर्ट्झवाले माईक छोट्या खोलीत छान, पण तिथे वायफाय आणि ब्लूटूथ आधीच बसलेत, गर्दीत त्यांचा भरवसा धरू नका.

काही वेळा आपलेच माईक आपसात भांडतात. ६५० आणि ६५१ वर दोन माईक चालू असतील तर त्यांच्या मिसळण्यातून ६४९ आणि ६५२ वर खोटे सिग्नल तयार होतात. दुप्पट पहिला वजा दुसरा, एवढं साधं गणित. तिसरा माईक नेमका ६५२ वर असेल तर तो खरखरणार, आणि दुरुस्तीला तोच येणार! म्हणून फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर लावू नका. सेटमध्ये कंपनीने दिलेले गट असतात, सगळे माईक एकाच गटातल्या वेगवेगळ्या चॅनलवर ठेवा.

हवेत काय चाललंय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हसारखा डोंगल मिळतो. ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनला जोडला आणि एसडीआरचं ॲप टाकलं की कुठल्या फ्रिक्वेन्सीवर गर्दी आहे ते स्क्रीनवर डोंगरांसारखं दिसतं. मोकळं मैदान नाही, गर्दी भरलेली असताना बघा. रिकाम्या वेळचं चित्र फसवं असतं.

आणि रिसीव्हर स्टेजच्या मागे, ॲम्प्लिफायरच्या ढिगाखाली ठेवू नका. माईक फिरणार तिथून तो दिसला पाहिजे, लोकांच्या डोक्यांपेक्षा उंच, दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही सारख्या उघडलेल्या. त्याच्यावर स्वतःचा फोन ठेवायचा नाही. टूजीवर कॉल येण्याआधी स्पीकरमध्ये जी "टर्र टर्र" होते, ती तिथूनच सुरू होते.