पत्रा, पान आणि तारा: धातूच्या स्नेअरचा आवाज येतो कुठून?

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि पुढे या गावाचे नाव रेल्वेच्या रुळांशी कायमचे जोडले गेले. रुळाचा हातभर तुकडा कित्येक शाळांच्या व्हरांड्यात घंटा म्हणून टांगलेला असतो. त्यावर टोला हाणला की वाजते ते पोलादच. मधे कातडे नाही, तार नाही, कोंडलेली हवा नाही. गणपती आणि दुर्गेच्या मिरवणुकीत दुर्ग-भिलाईच्या रस्त्यांवर धुमाल बँडच्या गाडीवर चकचकीत साइड ड्रम, म्हणजेच स्नेअर, कडाडू लागला की ऐकणाऱ्याला तिथेही तसेच वाटते: स्टीलचा आहे, म्हणून इतका तिखट वाजतो. वाजवणाऱ्यांचाही बहुधा असाच समज असतो. या समजुतीत तथ्य आहे, पण ते थोडे आहे आणि आपण शोधतो त्या जागी नाही.

ड्रमर मंडळींनी धातूंचे स्वभाव वाटून टाकले आहेत. पितळ उबदार, स्टील चढे आणि झणझणीत, ॲल्युमिनियम कोरडे आणि आटोपशीर. या मतांची सगळ्यात मोठी परीक्षा एका जुन्या वाद्यानेच घेतली आहे. मूळच्या शिकागोच्या लुडविग कंपनीचा ‘सुप्राफोनिक’ हा स्नेअर १९६० च्या दशकापासून पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांत सतत ऐकू येतो. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचा आवडता स्नेअर म्हणजे त्याचीच साडेसहा इंच खोलीची आवृत्ती. कंपनीचा याआधीचा स्नेअर पितळेचा होता. मग शेल, म्हणजे ड्रमचे नळकांडे, ॲल्युमिनियमचे झाले, वर क्रोमचा मुलामा मात्र तसाच राहिला. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, म्हणून जुन्या सुप्राफोनिकवर फोड आणि खड्डे दिसतात; कित्येकांना आतला धातू कोणता ते या खड्ड्यांवरूनच कळते. याच कंपनीने विद्यार्थ्यांसाठी ‘ॲक्रोलाइट’ नावाचा स्वस्त स्नेअर काढला. तेच ॲल्युमिनियम, तोच १४ इंची व्यास, नेहमीच्या सुप्राफोनिकची तीच ५ इंच खोली. फरक इतकाच की क्रोम नाही आणि पान ताणणारे लग दहाऐवजी आठ. तरीही ॲक्रोलाइटला ‘कोरडा’ म्हणणारे आणि सुप्राफोनिकला ‘चमकदार’ म्हणणारे ड्रमर हवे तेवढे सापडतात. एकाच धातूला दोन उलट विशेषणे मिळत असतील, तर ती विशेषणे धातूची नाहीत हे उघड आहे.

मग ती कोणाची? स्नेअरला दोन पाने असतात. वरचे साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकचे, खालचे त्याहून कितीतरी पातळ, आणि खालच्या पानाला टेकून पोलादी तारांचे स्प्रिंग ताणलेले. काडी पडली की वरचे पान खाली जाते, आतली हवा दाबली जाते आणि ती खालचे पान ढकलते. दोन पाने आणि मधली हवा मिळून एकच यंत्र तयार होते. दोन्ही पाने एकाच दिशेने हलली तर कंप मंद होतो, एकमेकांविरुद्ध हलली तर मधल्या हवेची स्प्रिंग आवळते आणि कंप जलद होतो. अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञ थॉमस रॉसिंग आणि सहकाऱ्यांनी स्नेअरवर केलेल्या मोजमापांत या जोडीतले स्वर साधारण १८० आणि ३३० हर्ट्झच्या आसपास आले होते. तारांचे काम यापुढचे. खालचे पान पुरेसे जोरात हलले तरच तारा त्यापासून क्षणभर सुटतात आणि परत येऊन त्यावर आपटतात. स्नेअरचा ओळखीचा ‘चर्र’ तो हाच. पानाची हालचाल एका मर्यादेच्या आत राहिली तर तारा चिकटूनच राहतात आणि ड्रम मुका वाटतो. ही मर्यादा तारांच्या ताणावर ठरते, म्हणजे बाजूच्या छोट्या स्क्रूच्या फेऱ्यांवर. आवाजाचा बहुतांश भाग इथेच जन्मतो आणि इथे शेलच्या धातूचा थेट संबंध येत नाही.

शेलच्या वाट्याला काय उरते ते आकडेच सांगतात. पत्र्याच्या नळकांड्याचे स्वतःचे स्वर त्याच्या मापांवर आणि धातूतल्या ध्वनिवेगावर ठरतात. पोलाद ताठ आहे, पण जड आहे. ॲल्युमिनियमचा ताठपणा त्याच्या साधारण एकतृतीयांश, घनताही एकतृतीयांशच. भागाकार जवळपास सारखाच येतो, म्हणून दोन्हींत ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने धावतो. पितळेत तो ३,५०० च्या आसपास असतो. याचा अर्थ असा की एकाच मापाचे, एकाच जाडीचे स्टील आणि ॲल्युमिनियमचे शेल जवळजवळ एकाच स्वरात वाजतील. पितळेचे त्याहून खाली उतरेल. पितळेला ‘उबदार’ म्हणणाऱ्यांना इथे थोडा आधार मिळतो, पण स्टील आणि ॲल्युमिनियममधल्या प्रसिद्ध फरकाला या मार्गाने मुळीच मिळत नाही.

तो फरक वजनातून येत असेल का? १४ इंच व्यास, ५ इंच खोली आणि एक मिलिमीटर जाडी धरून हिशेब मांडला, तर पोलादी शेल सुमारे १.१ किलो भरते, पितळेचे १.२ किलो आणि ॲल्युमिनियमचे ४०० ग्रॅमच्याही आत. दोन्ही पाने एका दिशेने हलतात तेव्हा शेल उलट दिशेला मागे सरकते. बंदुकीच्या धक्क्याचा नियम इथेही लागू आहे. हलके शेल जास्त सरकेल, स्टँडकडे जास्त ऊर्जा जाईल आणि आवाज लवकर विझेल. ॲल्युमिनियमच्या ‘कोरडेपणा’चे हे पटण्याजोगे कारण आहे. पण शेल एकटे कधीच सरकत नाही. पाने आवळणारी वरखालची कडी, लग, स्क्रू आणि तारांचा खटका मिळून दोन किलोच्या आसपास धातू त्याला जखडलेला असतो. त्यामुळे शेलांमधला तिपटीचा फरक पूर्ण ड्रममध्ये बराच आक्रसतो. पातळ पत्र्याचे कडे काढून ओतीव कडे बसवले तरी वजन आणि ताठपणा इतका बदलतो की शेल बदलल्याचा भास व्हावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: इतकी वर्षे वाजवणाऱ्यांचे कान चुकतात का? मला तसे वाटत नाही. कान फरक टिपतात, चूक होते ती त्या फरकाला नाव देताना. दुकानात स्टीलचा आणि पितळेचा ड्रम शेजारी ठेवून वाजवला जातो, तेव्हा पाने वेगळ्या वयाची असतात, ताण वेगळा असतो, तारा वेगळ्या असतात, पानाखालच्या कडेची घडाईही वेगळी असते. डोळ्यांना मात्र एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे धातूचा रंग. सगळे श्रेय तिला जाते. १९७१ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकडाच्या एकाच घडणीच्या बासऱ्या नजरेआड वाजवून घेतल्या होत्या. ऐकणाऱ्यांना त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, आणि हाताला वजनाचा सुगावा लागू दिला नाही तेव्हा वाजवणाऱ्यांनाही नाही. बासरीत वाजते ती हवा. ड्रमला टोला बसतो आणि त्याचा धक्का शेलपर्यंत पोहोचतो, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. कडे आणि पान एकदम मारणारा रिमशॉट घेतला तर शेलची झणझण खरोखर ऐकू येते. रुळाची घंटा एका टोकाला आणि बासरी दुसऱ्या टोकाला धरली, तर स्नेअर मधे कुठेतरी बसतो, पण बासरीकडे झुकलेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. धातूला महत्त्व नसेल, तर बँडवाल्यांनी लाकूड सोडून धातू का धरला? याचे उत्तर कानापेक्षा हवामानात जास्त आहे. गणपती येतात ते भाद्रपदात, पाऊस सरलेला नसताना. दमट हवेत लाकूड फुगते, कातडे सैल पडते. कातड्याचा ताशा वाजवण्याआधी जाळावर शेकावा लागे तो याचसाठी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकची पाने आली आणि पानाची अडचण सुटली, शेलची धातूने सोडवली. पत्रा ओलाव्याने हलत नाही, गाडीवरचे धक्के सोसतो, कडा गोल राहतात आणि ताण तासन्‌तास टिकतो. शिवाय तारांचा चरचराट आणि शेलचे वरचे स्वर साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात भरपूर असतात, जिथे माणसाचा कान सगळ्यात तल्लख आहे. जनरेटर, कीबोर्ड आणि ढोलांच्या गदारोळातून साइड ड्रम वर निघतो तो यामुळे. वाजवणाऱ्याच्या कानाला सगळ्यात जास्त इजा होण्याचा धोकाही याच पट्ट्यात आहे. कानात बोळे घालून वाजवणे धुमालच्या पोरांनी आजपासूनच सुरू करावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

या सगळ्याचा निकाल कागदावर लावण्याची गरज नाही, दुर्ग-भिलाईतला कोणताही बँड तो एका दुपारी लावू शकेल. एकाच मापाची स्टीलची आणि ॲल्युमिनियमची दोन शेल घ्यावीत. पाने, कडी आणि तारांचा एकच संच एकावरून काढून दुसऱ्यावर चढवावा. प्रत्येक लगपाशी पानाचा स्वर मोबाइलच्या ट्यूनरवर जुळवून घ्यावा, स्टँड जागचा हलवू नये, मोबाइल दहा पावलांवर ठेवून तेच ठेके मुद्रित करावेत आणि कोणते कशाचे हे न सांगता मंडळींना ऐकवावेत. नंतर एकाच शेलवर आधी नवी पाने आणि मग वर्षभर झोडपलेली पाने चढवून तोच प्रयोग करावा. दुसऱ्या फेरीतला फरक पहिल्या फेरीपेक्षा मोठा निघेल, अशी माझी अटकळ आहे. तो तसा निघाला, तर महागड्या पितळी ड्रमसाठी बाजूला ठेवलेले पैसे दरवर्षी नव्या पानांवर आणि चांगल्या तारांवर खर्च करावेत, आणि हाती असलेला साधा स्टीलचा ड्रम मोडीत काढू नये.