न पाहता ओळखा स्मृतिपट्टी!

घरचा संगणक मंदावला तर आपण काय करतो? झाकण उघडतो, रॅमची पट्टी बाहेर काढतो, तिच्यावरचे लेबल वाचतो आणि तशीच दुसरी पट्टी दुकानातून आणतो. पण संगणक ४०० किलोमीटर दूर, कुलूपबंद खोलीत असेल तर? आणि तो रात्रंदिवस चालूच ठेवायचा असेल तर?

समजा, मराठवाड्यातील एका महाविद्यालयाचा सर्व्हर मुंबईत ठेवलेला आहे. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी त्याच्याकडे गुण विचारतात. स्मृती अपुरी पडली की हा संगणक आपले सामान तबकडीवर नेऊन ठेवू लागतो. तबकडी स्मृतीपेक्षा कितीतरी मंद, त्यामुळे सारेच खोळंबते. निकाल दोन दिवसांवर आला आहे. मुंबईचा तंत्रज्ञ रात्री फक्त एक तास यंत्र बंद करून पट्ट्या बसवील. पट्टी चुकीची निघाली तर यंत्र सुरूच होणार नाही. म्हणजे यंत्र न उघडता, न पाहता, नेमकी पट्टी ओळखली पाहिजे.

पट्टीवर असते तरी काय? काळ्या चिपांच्या आत अब्जावधी सूक्ष्म कोठड्या. प्रत्येक कोठडीत एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र. धारित्रात विद्युत्‌भार असेल तर १, नसेल तर ०. ही युक्ती आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ साली मिळाले. या धारित्राची धारिता १० फेमटोफॅराड आणि विद्युत्‌दाब १ व्होल्ट धरून गणित करून पाहा. भार येतो १०चा उणे चौदावा घात कूलोंब, म्हणजे सुमारे ६२,५०० इलेक्ट्रॉन! एवढ्याशा भाराला गळतीही लागलेली असते. म्हणून प्रत्येक कोठडी साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत वाचून पुन्हा भरावी लागते.

पट्ट्यांच्या पिढ्या वेगवेगळ्या. डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी कापलेली असते, त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसतच नाही. ही चूक खाचच टाळते. खरी फसगत एकाच पिढीच्या आत होते, आणि ती पुढे पाहू.

आता आपल्या कोड्याची किल्ली. पट्टीवर मोठ्या चिपांशेजारी एक चिमुकली चिपही असते. तिच्यात पट्टीची जणू जन्मपत्रिकाच लिहिलेली असते: पिढी, क्षमता, वेग, बनविणाऱ्याचे नाव, भाग क्रमांक. डीडीआर-४ मध्ये या पत्रिकेला ५१२ बाइट जागा असते. संगणक सुरू होताना सर्वांत आधी दोन बारीक तारांवरून ही पत्रिका वाचतो, आणि त्यातील महत्त्वाच्या नोंदींचा एक तक्ता स्मृतीत मांडून ठेवतो. लिनक्स प्रणालीत 'डीएमआयडीकोड' नावाची आज्ञा दिली की तो तक्ता पडद्यावर येतो. यंत्र बंद करावे लागत नाही. लातूरला बसून मुंबईतील पट्टीचे लेबल वाचल्यासारखेच हे!

आपल्या सर्व्हरच्या तक्त्यात असे दिसले: खोबण्या ८, भरलेल्या ४, डीडीआर-४, प्रत्येकी १६ गिगाबाइट, वेग २४००. आणि त्याखाली: एकूण रुंदी ७२ बिट, माहितीची रुंदी ६४ बिट. सांगा पाहू, उरलेले ८ बिट कशासाठी?

ते पहाऱ्यासाठी. चिपेच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांमधून निघालेला अल्फा कण किंवा विश्वकिरणांमुळे निर्माण झालेला न्यूट्रॉन कोठडीतील १ चा ० करू शकतो. निकालात ७२ चे ८ होऊन चालेल का? बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली यावर उपाय प्रसिद्ध केला. ६४ बिटांमधील चुकीची जागा दाखवायला ७ तपासणी-बिट हवेत. का? ७ बिटांनी १२८ वेगळ्या खुणा होतात. आपल्याला ६४ अधिक ७ जागांसाठी ७१ आणि 'चूक नाही' यासाठी एक, अशा ७२ लागतात. ६ बिटांच्या ६४ खुणा अपुऱ्या पडतात. आठवा बिट दोन चुका एकदम झाल्या तर त्या नुसत्या ओळखतो. दुरुस्त करीत नाही. तेव्हा ७२ हा आकडा दिसला की पट्टी 'ईसीसी', म्हणजे चूक सुधारणारी, हे पक्के.

तक्त्यात आणखी एक शब्द होता: 'रजिस्टर्ड'. फसगत होते ती इथे. चिपेचा प्रत्येक पाय तारेवर एका छोट्या धारित्रासारखा भार टाकतो. चिपा वाढल्या की संदेशाच्या कडा बोथट होतात. म्हणून अशा पट्टीवर मधोमध एक चिप पत्ते आणि आज्ञा आधी स्वतः घेते व ताज्या करून पुढे पाठवते. डीडीआर-४ ची साधी ईसीसी पट्टीही त्याच खोबणीत अगदी बेमालूम बसते. पण दोन्ही जाती एकत्र चालत नाहीत. दुकानदार 'ईसीसी आहे ना, झाले तर!' म्हणाला तरी ऐकू नये.

वेग मात्र थोडा वेगळा असला तरी चालतो. सर्वच पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालतात. पण कमाल क्षमतेची ओळ तक्त्यात पुष्कळदा चुकीची असते. त्यासाठी मदरबोर्डची पुस्तिकाच पाहावी. नवी पट्टी कोणत्या खोबणीत आधी बसवायची, हेही तीत दिलेले असते.

पट्ट्या बसल्यावर पुन्हा तीच आज्ञा द्यावी: ८ भरलेल्या, एकूण १२८ गिगाबाइट. लिनक्स सुधारलेल्या चुकांची मोजणीही ठेवू शकते. महिन्यात एखादी चूक कुठे दिसली तर ती बहुधा विश्वकिरणांची. एकाच पट्टीवर रोज दिसू लागली, तर तो दोष चिपेचा. पट्टी बदलायला सांगावे.